मल्हाररावांवरचा खटला : न्यायालय की चौकशी?

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला सयाजीराव महाराजांची ओळख करून द्यावी लागत नाही. शाळा, वाचनालय, बाग, स्टेशनकडचा रस्ता, जिकडे जावे तिकडे ते भेटतातच. खंडेरावांचे नाव बाजारहाटाच्या निमित्ताने तोंडात येते. या दोघांच्या मधले मल्हारराव मात्र बहुतेकांना एका वाक्यापुरतेच ठाऊक असतात : रेसिडेंटला विष घालायला गेला आणि गादी गमावून बसला. हे वाक्य आम्हीही लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि बरीच वर्षे तसेच धरून ठेवले. पुढे जुने कागद आणि पुस्तके चाळताना लक्षात आले की या वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरा असला तरी पहिला अर्धा भाग कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. आणि गादी गेली ती त्या आरोपाखाली गेलीच नाही, निदान कागदावर तरी नाही. या गोष्टीला दीडशे वर्षे उलटली. तेव्हा गावातल्या गावात तिची एकदा नीट मांडणी व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही वकील नाही. पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलो आणि वीसेक वर्षे फायलींच्या संगतीत काढली. पण सरकारी नोकराला एक फरक पुस्तकाशिवायच कळतो. फौजदारी खटला वेगळा आणि खातेनिहाय चौकशी वेगळी. खटल्यात न्यायाधीश सरकारचा बांधील नसतो, आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि निकालावर अपील असते. खातेनिहाय चौकशीत आरोपपत्र देणारे सरकार, चौकशी अधिकारी नेमणारे सरकार, सादरकर्ता अधिकारी सरकारचा आणि शेवटी शिक्षा ठरवणारेही सरकारच. तिथे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. दोन्हींत साक्षीपुरावे होतात, उलटतपासणी होते, टंकलिखित जबाबांवर सह्या होतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. मल्हाररावांच्या बाबतीत १८७५ साली जे घडले त्याला जग आजही ‘खटला’ म्हणते. आमच्या मते ती चौकशी होती. तिला अंगरखा तेवढा खटल्याचा घातला होता.

आधी मल्हाररावांची बाजू जितकी वाईट आहे तितकी सांगून टाकू. थोरले बंधू खंडेराव महाराज गादीवर असताना त्यांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून मल्हारराव १८६३ पासून पादऱ्याला बंदीत होते. खटला नाही, मुदत नाही. राजाची मर्जी हीच शिक्षा. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले आणि बंदिवान भाऊ गादीवर आला. जमनाबाई राणीसाहेब तेव्हा गरोदर होत्या. त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. मग त्यांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगात पडले आणि तुरुंगातच मेले. खंडेरावांच्या मर्जीतल्या लोकांवर जप्त्या आल्या. स्वतः सात वर्षे बिनचौकशीची कैद भोगलेल्या माणसाने दुसऱ्यांना तेच दिले, ही गोष्ट आम्हाला त्यांच्यावरच्या विषाच्या आरोपापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

त्या वेळची न्यायव्यवस्था म्हणजे महसुलाची शेपटी. परगणे इजाऱ्याने दिलेले. इजारदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि वर काय वसूल करायचे ते करायचे. वसुलीसाठी जो माणूस चाबूक उगारणार, फौजदारीचा अधिकारही त्याच्याच हाती. तक्रार करायची तर त्याच्याचकडे. त्यात नेमणुकांसाठी नजराणे घेण्याची चाल पडलेली. न्यायाची जागा विकत घेणारा ती रक्कम कुठून भरून काढणार हे सांगायला नको. १८७३ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बडोद्याला पाठवले. शेतकरी, सरदार, सावकार अशा अनेकांच्या तक्रारी त्याने ऐकल्या आणि कारभारावर कडक ताशेरे ओढले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी जुलै १८७४ मध्ये महाराजांना कळवले की १८७५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे सतरा महिन्यांत, कारभार सुधारा. मीड हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

सुधारणेचा एक खरा प्रयत्न झालाही. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून बडोद्याला आले. त्यांनी सोबत आपली माणसे आणली. न्यायखात्यावर बाळ मंगेश वागळे, मॅजिस्ट्रेटीवर होरमसजी वाडिया, महसुलावर काझी शहाबुद्दीन. मुंबईत कायदा शिकलेली माणसे बडोद्याच्या न्यायासनावर बसली, हेच त्या काळी नवल. पण दिवाणाला एकीकडे दरबारातले जुने खाणारे आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर, अशा दोन तोंडांशी झुंजावे लागले. फेअर आणि दादाभाई यांचे सुरुवातीपासून जमले नाही. फेअरला महाराज वाईट वाटत होते, ते ठीक. पण महाराजांचा कारभार सुधारू पाहणारा माणूसही त्याला नको होता. शेवटी २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयना खलिता पाठवला : या रेसिडेंटच्या हाताखाली सुधारणा करणे अशक्य आहे, दुसरा माणूस द्या.

सात दिवसांनी विषाची गोष्ट घडली.

९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअर नेहमीप्रमाणे फिरून रेसिडेन्सीत परतले. त्यांच्या खोलीत पपनसाच्या रसाचा पेला रोज तयार ठेवलेला असे. त्यांनी दोन-तीन घोट घेतले, चव बरी वाटली नाही म्हणून उरलेला रस खिडकीबाहेर फेकला. थोड्या वेळाने मळमळू लागले. पेला पाहिला तर तळाशी गाळ. तो गाळ रेसिडेन्सीचे सर्जन डॉक्टर सीवर्ड यांनी तपासला आणि मग मुंबईचे रासायनिक परीक्षक डॉक्टर ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल सापडला, आणि काचेसारखी किंवा हिऱ्यासारखी चमकणारी बारीक कठीण पूड.

ही हिऱ्याची पूड प्रकरणाला एकदम दरबारी रंग देऊन गेली. सोमल कुणालाही मिळतो. हिरे कुटून विष करणारा राजाच असणार, असे लोकांना वाटले. कलकत्त्यात अमृतलाल बसूंनी १८७५ मध्ये ‘हीरकचूर्ण’ नावाचे नाटक लिहिले, मराठीतही मल्हाररावांवर नाटक आले. खरे पाहता हिऱ्याची पूड पोटात गेल्याने माणूस मरतो ही समजूतच आहे. पण या पुडीची एक गंमत पुढे सुनावणीत निघाली. पेल्यात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे होते अशी खबर फेअरना भाऊ पुणेकर नावाच्या माणसाकडून मिळाली होती. हा भाऊ पुणेकर महाराजांच्या विरोधकांतला. डॉक्टरांना तांबे मिळालेच नाही. पेल्यात काय होते हे महाराजांच्या शत्रूला इतक्या झटपट कसे कळले, आणि कळले तर एक गोष्ट चुकली कशी, हा प्रश्न बचावाच्या वकिलाने विचारला आणि तो आजवर तसाच लटकतो आहे.

रेसिडेन्सीच्या लोकांनी स्वतः केलेल्या तपासात काही निष्पन्न झाले नाही. नोव्हेंबरअखेर सरकारने फेअरना हलवले आणि सर लुई पेली यांना पाठवले. म्हणजे महाराजांनी खलित्यात जे मागितले होते ते मिळाले! डिसेंबरात मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन आले. त्यांत अकबर अली आणि गजानन विठ्ठल ही नावे पुढे गाजली. यानंतर गाठी भराभर सुटू लागल्या, आणि आमच्यासारख्या बाहेरच्या वाचकालाही थोडे थांबून पाहावेसे वाटते ते इथेच.

रेसिडेन्सीच्या शिपायांचा हवालदार रावजी याला पोलिसांनी धरले. माफीचे वचन मिळाल्यावर त्याने कबुली दिली : महाराजांनी आपल्याला आणि नरसू जमादाराला वाड्यावर बोलावून पैसे दिले, विषाच्या पुड्या दिल्या, आणि आपणच त्या पेल्यात टाकल्या. ही कबुली नाताळच्या आसपासची. लगेचच पोलिसांना आणखी एक पुडी मिळाली, रावजीच्या पट्ट्याच्या आत शिवलेली. पण रावजी अटकेत गेल्यापासून तो पट्टा दुसऱ्याच शिपायाच्या अंगावर होता. अकबर अलीने तो चाचपला, आत काहीतरी लागले म्हणून सूटरसाहेबांना बोलावले, आणि साहेबांसमोर पुडी निघाली. पंचनामा करणाऱ्या कुठल्याही पोलीस ठाण्यात आज असे सांगितले तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील तो हा, की साहेब येण्याआधी तो पट्टा कुणाच्या हातात होता? नरसू जमादाराने माफीच्या वचनाशिवाय कबुली दिली, हे सरकारपक्षाचे बळ होते. कबुलीनंतर त्याने विहिरीत उडी घेतली. त्याला वाचवले गेले. त्या उडीचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा लावला. पश्चात्ताप म्हणावे की धास्ती?

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली आणि राज्याचा कारभार ब्रिटिश सरकारने हाती घेतला. त्यांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनाही त्याच दिवशी पकडले. ते गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात राहिले आणि महिना संपायच्या आत माफीचे साक्षीदार झाले. सोमल आपण मिळवला, हिरे सराफाकडून घेतले, महाराजांच्या हुकमाने घेतले, असा त्यांचा जबाब. खासगीच्या वह्यांत काही नोंदींवर शाई सांडलेली होती. ती आपणच सांडली, असेही त्यांनी सांगितले. राजाचा चिटणीस आपल्याच हिशेबावर शाई सांडतो, हे कबूल करून मग म्हणतो की आता माझे ऐका. सरकारी कार्यालयात बसणाऱ्या माणसाला या जागी हसू येते. असा कागद आमच्याकडे आला तर त्यावर कुणी सही करणार नाही.

आता राजाला न्यायालयात उभे कसे करायचे? मल्हारराव ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन नव्हते, ते तहाने जोडलेले संस्थानिक. हिंदुस्थानातल्या कुठल्याही न्यायालयाचा त्यांच्यावर अधिकार चालत नव्हता. म्हणून नॉर्थब्रुक यांनी कमिशन नेमले, आणि ते नेमताना एक नवी गोष्ट केली. सहा जणांपैकी तीन हिंदी ठेवले. अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. त्यांच्या बरोबर ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, ग्वाल्हेरचे पूर्वीचे दिवाण राजा सर दिनकरराव राजवाडे, आणि इंग्रजांपैकी सर रिचर्ड मीड व पंजाबचे मेल्व्हिल. जयाजीराव आणि दिनकरराव हे एकेकाळचे धनी आणि दिवाण, दोघेही मराठी, तिसऱ्या मराठी राजाचा न्याय करायला एका बाकावर बसले. ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळींनी या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यायला हवे असे आम्हाला नेहमी वाटते. आणि मीड तेच, ज्यांनी वर्षभरापूर्वी याच महाराजांच्या कारभारावर ताशेरे लिहिले होते. ज्याने आधीच्या चौकशीत प्रतिकूल अहवाल दिला तोच पुढच्या चौकशीत सदस्य! आमच्या खात्यात असे झाले तर संघटनेचा पहिला अर्ज याच मुद्द्यावर जाईल.

आरोप चार होते. रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संबंध ठेवले, त्यांना पैसे चारले, ते फेअरच्या कामाची हेरगिरी करून त्यांना अपाय करण्यासाठी, आणि शेवटी प्रत्यक्ष विषप्रयोगाची चिथावणी. पहिले दोन आणि शेवटचा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रेसिडेन्सीतल्या बातम्या काढायला पैसे चारणे हे त्या काळच्या जवळपास प्रत्येक दरबारात चालत असे, आणि रेसिडेंटही दरबारात आपली माणसे ठेवतच होता. सोपे आरोप सिद्ध झाले की कठीण आरोपही तसाच वाटू लागतो. आरोपपत्र लिहिणाऱ्यांना ही खुबी आजही चांगली अवगत आहे.

कमिशनची बैठक २३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या छावणीत सुरू झाली. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांतर्फे खास विलायतेहून आणलेले सार्जंट बॅलंटाइन, त्या काळचे इंग्लंडातले नामांकित फौजदारी वकील. त्यांच्या फीचीच इतकी चर्चा झाली की मूळ प्रकरण मागे पडावे. पण त्यांनी पैसे वाया घालवले नाहीत. त्यांची उलटतपासणी एकाच धाग्यावर चालली : विषाची गोष्ट सांगणारे सगळेच आपल्या तोंडाने गुन्ह्यात भागीदार, त्यांच्या म्हणण्याला बाहेरचा आधार कुठे आहे? रावजीचा आधार नरसू, नरसूचा आधार दामोदरपंत, दामोदरपंतांचा पुन्हा रावजी. तिघेही पोलिसांच्या किंवा लष्कराच्या ताब्यातले. ज्या सराफाकडून हिरे घेतले असे दामोदरपंत म्हणत होते तो हेमचंद फतेचंद कमिशनसमोर उलटला. आपण हिरे विकलेच नाहीत, पोलिसांनी दडपणाखाली आपली सही घेतली, असे त्याने सांगितले. आजच्या भाषेत फितूर साक्षीदार. तो आधी खोटे बोलला की नंतर, हे कुणी सांगावे? पण पेल्यातल्या हिऱ्याच्या पुडीपासून महाराजांच्या वाड्यापर्यंतचा एकमेव स्वतंत्र दुवा तिथे तुटला.

बॅलंटाइन यांचा दुसरा मुद्दा हेतूचा. २ नोव्हेंबरला महाराजांनी फेअरना हलवण्याची रीतसर मागणी केली होती. ती मान्य होण्याची शक्यता होती आणि झालीही. असा माणूस उत्तराची वाटही न पाहता आठवड्यात विष घालेल? यावर सरकारपक्षाचे उत्तर असे की पुड्या आधीच दिल्या गेल्या होत्या. दोन्ही म्हणणी तोलून पाहिली तरी पारडे स्पष्टपणे झुकत नाही. आम्ही मल्हारराव निर्दोष होते असे म्हणत नाही. ते करण्यासारखे होते, त्यांच्याजवळ माणसे होती, राग होता. पण करण्यासारखा माणूस आणि केलेला माणूस यांच्यामध्ये न्यायालय बसलेले असते.

मार्चअखेर कमिशनचा अहवाल गेला आणि मत फुटले, तेही बरोबर रंगावर. काउच, मीड आणि मेल्व्हिल या तिघांनी विषप्रयोगाची चिथावणी सिद्ध झाली असे म्हटले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव या तिघांनी ती सिद्ध झाली नाही असे म्हटले. तीन विरुद्ध तीन. इंग्रजांनी इंग्रजाची बाजू घेतली आणि राजांनी राजाची, असे तेव्हा दोन्हीकडून बोलले गेले. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. काउच हे मुरलेले न्यायाधीश होते, त्यांच्या मताला वजन आहे. पण दिनकरराव राजवाडेही काही मल्हाररावांचे मित्र नव्हते. सत्तावन्नच्या धामधुमीत इंग्रजांची बाजू न सोडणारा, इंग्रजांच्या विश्वासातला, कारभार कोळून प्यालेला माणूस. त्यांनी सिद्ध झाले नाही म्हटले तेव्हा त्यांना सरकारला दुखवण्यातून काय मिळायचे होते?

हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांचे फौजदारी अपिलात एकमत झाले नाही तर प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशाकडे जाते. तो नियम लिहिलेला आहे. कमिशनला असा नियम नव्हता, कारण कमिशनला निकाल द्यायचाच नव्हता. सल्ला द्यायचा होता. निर्णय सरकारचा. आणि सरकारने काय केले? लंडनहून भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांचा सूर आला, आणि १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात सांगितले गेले की कमिशनपुढच्या आरोपाच्या सिद्धतेवर हा निर्णय आधारलेला नाही. महाराजांची एकंदर वागणूक, अत्यंत वाईट कारभार आणि सुधारणा करण्याची उघड अपात्रता यांमुळे त्यांना गादीवरून दूर केले जात आहे. म्हणजे आरोप एक, सुनावणी त्या आरोपाची, मत फुटले म्हणून तो बाजूला, आणि शिक्षा दुसऱ्याच कारणाने. त्या दुसऱ्या कारणासाठी दिलेली डिसेंबरची मुदत अजून आठ महिने शिल्लक होती. थोड्याच दिवसांत मल्हाररावांना मद्रासला नेले. १८८२ मध्ये ते तिथेच वारले.

आमच्या खात्यातल्या चौकशीत सुद्धा आज असे सरळ करता येत नाही. शिक्षा करणाऱ्या अधिकाऱ्याला चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष अमान्य असतील तर आधी कारणे लेखी देऊन कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पक्के केले आहे. आरोपपत्रात नसलेल्या कारणावरून बडतर्फ केले तर आदेश टिकत नाही. राजघटनेच्या ३११ व्या कलमाने कारकुनाला जे संरक्षण दिले तेवढेही सव्वाशे तोफांच्या राजाला नव्हते. तोफांचे आकडे आम्ही गमतीने लिहिले, सलामी एकवीस तोफांची होती.

विशेष म्हणजे पुराव्याचे नियम तेव्हाच तयार होते. भारतीय पुरावा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून ब्रिटिश हद्दीत लागू झाला होता. पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही हे त्याच्या २५ व्या कलमात आहे. गुन्ह्यातल्या भागीदाराची साक्ष चालते, पण तिला आधार नसेल तर ती विश्वासास अपात्र मानावी, अशी सूचना ११४ व्या कलमाच्या उदाहरणात. १३३ व्या कलमात उलट, आधाराविना दिलेली शिक्षा केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नाही असे म्हटले होते. दोन कलमांतल्या या ओढाताणीवर वकिलांनी दीडशे वर्षे युक्तिवाद केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यात पोलिसांसमोरच्या कबुलीचा नियम २३ व्या कलमात तसाच राहिला. भागीदाराच्या साक्षीचे कलम १३८ झाले आणि त्यातला शब्द बदलला. आता आधार मिळालेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही, असे म्हटले आहे. ‘आधाराविना’च्या जागी ‘आधारासह’. बॅलंटाइन बडोद्याच्या छावणीत ज्या एका शब्दासाठी तीन आठवडे भांडले तो शब्द कायद्यात यायला एकशे एकोणपन्नास वर्षे लागली.

माफीच्या साक्षीदाराचेही तसेच. आज माफी पोलीस देत नाहीत, मॅजिस्ट्रेट किंवा न्यायालय देते. का दिली ते लिहून ठेवावे लागते. पूर्ण आणि खरी हकिगत सांगण्याची अट असते. अट मोडली तर माफी जाऊन खटला पुन्हा उभा राहतो. रावजीच्या कबुलीमागचे वचन आणि आजची माफी यांत नाव तेवढे एक.

मल्हाररावांनंतर जमनाबाईंनी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, २७ मे १८७५ रोजी. तेच सयाजीराव. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे आला. त्यांनी इजारे मोडले, वहिवाटदार आणि सुभे पगारावर ठेवले, मुन्सफांपासून वरिष्ठ न्यायालयापर्यंत पायऱ्या घातल्या. तरीही सुरुवातीला वहिवाटदाराच्या हातात महसूल आणि मॅजिस्ट्रेटी दोन्ही राहिली, कारण तेवढी माणसेच नव्हती. ती जोडी सयाजीरावांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोडली. मॅजिस्ट्रेटी वहिवाटदारांकडून काढून मुन्सफांकडे दिली. शेजारच्या ब्रिटिश मुलखात काँग्रेस हीच मागणी वर्षानुवर्षे करत होती आणि कलेक्टरच मॅजिस्ट्रेट राहत होता. स्वतंत्र भारतात ही गोष्ट राज्यघटनेच्या ५० व्या कलमात मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली आणि १ एप्रिल १९७४ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर पुरी झाली. बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अब्बास तय्यबजी होते, जे पुढे म्हातारपणी मिठाच्या सत्याग्रहात पकडले गेले. निकाल आणि कारभार लोकांच्या भाषेत चालावा म्हणून महाराजांनी शब्दसुद्धा घडवून घेतले. १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतला कारभारी कोश त्याच खटपटीचा. आम्ही कार्यालयात गुजरातीत जी टिपणे लिहितो त्यातले काही शब्द त्यात सापडले तेव्हा मौज वाटली.

यालाही एक मर्यादा होती आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. वरिष्ठ न्यायालयाच्या वर हुजूर न्यायसभा होती, आणि तिचा सल्ला ऐकून शेवटचा हुकूम महाराजांचा. सयाजीराव चांगले होते म्हणून ते निभावले. मल्हाररावांच्या हाती तीच पद्धत असती तर ती काय कामाची, याचा विचार ज्याने त्याने करावा. त्यांच्या राज्यात बिनचौकशी मेलेल्या भाऊ शिंद्यांसाठी ना कमिशन बसले, ना विलायतेहून वकील आला.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा हुजूर न्यायसभा गेली, वरिष्ठ न्यायालय गेले आणि अपिले मुंबईला जाऊ लागली. १ मे १९६० पासून ती अहमदाबादला जातात. मांडवीजवळचे न्यायमंदिर, महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे, १८९६ मध्ये उघडले. मूळ बांधकाम भाजीमंडईसाठी होते असे जुने लोक सांगतात. शंभरहून अधिक वर्षे जिल्ह्याचे फौजदारी काम तिथे चालले. २०१८ मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेले. तिथल्या कुठल्याही सत्र न्यायालयात आज एखादा शिपाई माफीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला की बचावाचा वकील पहिल्याने विचारतो : तुला कधी पकडले, कुणाच्या ताब्यात होतास, आणि तो पट्टा मधल्या दिवसांत कुणाकडे होता?